सायकलवर कामाला जाणाऱ्या मोठ्या माणसाबद्दल लोक काय काय धरून चालतात

हिशेबनीस

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे, तिथे मी हिशेब बघतो. राहायला जुळे सोलापूर. रोज सायकलने जातो, सायकलनेच येतो. घरी मोटारसायकल आहे, चालू आहे, तिचे हप्ते फिटलेले आहेत. नवीन माणूस भेटला की एवढी माहिती द्यावीच लागते, त्याशिवाय पुढचं बोलणं सुरू होत नाही.

पहिला प्रश्न ठरलेला: "गाडी कुठंय?" गॅरेजला टाकली असेल, असं धरलेलं असतं. काही महिन्यांनी तोच माणूस मला पुन्हा सायकलवर बघतो तेव्हा त्याचा आवाज खाली येतो. "काही अडचण नाही ना?" त्यानंतर डॉक्टर. शुगर निघाली का, वजन उतरवायला सांगितलंय का. यातलं काहीच नाही म्हटलं की कौतुक सुरू होतं, पर्यावरणासाठी एवढं करता म्हणून. त्या कौतुकानेही मला अवघडल्यासारखं होतं, कारण मला कारखान्यात पोचायचं असतं आणि सायकल मला वेळेवर पोचवते. सोलापूर सपाट आहे. आपल्याकडे पाऊस कमी, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. सात रस्ता चौकातून अशोक चौकाकडे सकाळच्या गर्दीत मोटारसायकलला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा मला दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात. घरी आल्यावर मात्र दिवसभराचे आकडे डोक्यातून गेलेले असतात. मला सायकल आवडते आणि ती माझं वाहन आहे, इतकंच मला सांगायचं असतं.

पण धागा काढायचं कारण वेगळं आहे. आमच्या कारखान्यातले मागवाले, जॉबर (म्हणजे माग लावून देणारे, दुरुस्त करणारे), शिलाईतले कितीतरी लोक सायकलवर येतात. त्यांना कुणी कधीच विचारत नाही की गाडी कुठंय. मला दया मिळते, कौतुक मिळतं, चौकशी मिळते. त्यांना यातलं काहीही मिळत नाही, कारण त्यांच्याबद्दल उत्तर आधीच ठरलेलं आहे: परवडत नाही. आमच्या एका जॉबरच्या घरी मोटारसायकल आहे. ती मुलगा कॉलेजला नेतो आणि बाप सायकलवर येतो. हा हिशेब त्याने विचार करून केलेला आहे. पण गेटवर त्याच्याकडे बघून तो विचार कुणाला दिसत नाही.

आणि हे धरून चालणं डोक्यात राहत नाही, ते जमिनीवर उतरतं. एका मंगल कार्यालयात मी लग्नाला गेलो होतो. चांगले कपडे, हातात आहेर. गेटवरच्या माणसाने सायकल बघितली आणि मागच्या बाजूने जायला सांगितलं, जिकडून आचारी आणि वाढपी येतात. त्याचा मला राग आला नाही, त्याला तसं शिकवलेलं होतं. पण वाढपी सायकलवर आला तर त्याने मागून का जावं, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. नव्या इमारतींच्या खाली चारचाकीचे पट्टे असतात, दुचाकीचे असतात. सायकल कुठे लावायची विचारलं तर वॉचमन भिंतीकडे बोट दाखवतो, नाहीतर ड्रेनेजच्या झाकणाकडे. नकाशा काढणाऱ्याने धरलेलं असतं की इथे येणाऱ्या मोठ्या माणसाकडे सायकल नसणार, आणि असलीच तर तो माणूस महत्त्वाचा नसणार.

रस्त्यावरही तेच. सायकलवाला कडेने जाईल, असं सगळे धरतात. आपल्या रस्त्यांची कड म्हणजे वाळू, खचलेली झाकणं, उभ्या रिक्षा आणि कुणीतरी अचानक उघडलेलं गाडीचं दार. म्हणून मी कडेपासून हातभर आत चालवतो. मागून हॉर्न येतो. हॉर्न देणाऱ्याला वाटतं मी अडवतोय; मी पडू नये म्हणून तिथे असतो. सगळ्यात जास्त भीती मला डावीकडे वळणाऱ्यांची वाटते. सायकल हळू आहे असं धरून ते मला ओलांडतात आणि लगेच माझ्यासमोरच डावीकडे वळतात. सपाट रस्त्यावर साधी सायकलही तासाला पंधरा किलोमीटरने सहज जाते. तेवढ्या वेगात जागच्या जागी थांबता येत नाही.

तुमचे अनुभव लिहा. सायकल चालवत नसाल तरी लिहा. तुम्ही आमच्याबद्दल काय धरून चालता ते मला खरंच समजून घ्यायचंय.

बाळीवेसकर

माझे वडील गिरणीत होते. १८७७ ला सुरू झालेली ती जुनी गिरणी. पाळी सुटायच्या वेळी रस्ता सायकलींनी भरून जायचा, आणि त्या गर्दीत मुकादमही सायकलवर, कारकूनही सायकलवर. आमच्या गल्लीत ज्याच्याकडे सायकल होती त्याचं घर बरं चाललंय असं समजायचे. लग्नात जावयाला सायकल आणि मनगटी घड्याळ द्यायची पद्धत होती, त्यावरून रुसवे व्हायचे. वडिलांच्या सायकलला डायनॅमो होता. रात्री दिव्याशिवाय गेलं तर पोलीस अडवायचे, हवा सोडायचे. त्या काळी बऱ्याच नगरपालिका सायकलवर कर घेत आणि त्याचा बिल्ला सायकलला लावायला देत. म्हणजे सरकारसुद्धा सायकलला वाहन समजत होतं.

१९७२ ला लुना आली, मग एकेक करून सगळं बदललं. गिरण्या बंद पडल्यावर हातात पैसा नव्हता तेव्हा लोक पुन्हा सायकलवर आले, आणि मला वाटतं तिथून सायकलला ती पडती बाजू चिकटली. आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर भरभराटीची सायकल होती. माझ्या मुलांनी बघितली ती काम गेलेल्या माणसाची सायकल.

होटगीरोड

लेख पटला, पण उन्हाचं काय ओ? एप्रिल-मे मध्ये ४२-४३ अंश. आम्ही गाडीवर जाऊन भाजून निघतो. तुम्ही ऑफिसात घामाघूम बसत असाल असंच मी धरून चालतो, खरं सांगतो.

हिशेबनीस

होटगीरोड, खरं लिहिलंत याबद्दल आभार. हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो.

सायकल चालू असते तोवर अंगाला वारा लागतो आणि घाम वाळत जातो. घाम फुटतो तो थांबल्यावर. म्हणून शेवटचा एक किलोमीटर मी मुद्दाम हळू मारतो, पोचल्यावर पाच मिनिटं सावलीत उभा राहतो, तोंड-मान ओल्या नॅपकिनने पुसतो आणि शर्ट बदलतो. उन्हाळ्यात आठच्या आत निघालं तर सकाळचं ऊन सोसवतं. संध्याकाळच्या झळा त्रास देतात, तेव्हा डोक्याला ओला पंचा आणि पाण्याची बाटली. मे महिन्यात दुपारी एक ते चार सायकल चालवू नये. मी चालवत नाही आणि कुणाला चालवा म्हणणारही नाही. पण आमच्या मागवाल्यांची पाळी दुपारी असली तर त्यांना हे टाळता येत नाही, आणि त्यांच्या उन्हाबद्दल आपल्यापैकी कुणी विचारत नाही.

चाफा

मी शिक्षिका आहे, शाळेत सायकलवर जाते. पुरुषांना विचारतात गाडी कुठंय. बाईला विचारतात नवरा काय करतो. माझ्या सायकलवरून माझ्या नवऱ्याचा पगार, त्याचं व्यसन आणि सासूचा स्वभाव असं सगळं ठरवलं जातं. पालकसभेनंतर एका आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, घरचे गाडी घेऊ देत नाहीत का?" तिच्या आवाजात खरी काळजी होती, त्यामुळे उत्तर देताना मला गलबलून आलं. मी सांगितलं की घेऊ देतात, मलाच ही बरी वाटते. तिला ते पटलं नाही.

मला एक गोष्ट फार लागते. मानव विकास कार्यक्रमात खेड्यातल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेला जायला सायकली मिळतात. त्या सायकलीमुळे किती मुलींची शाळा टिकली हे मी गावाकडच्या शाळेत असताना बघितलंय. सकाळी मुलींची रांगच्या रांग सायकलवर यायची आणि त्यांना बघून सगळ्यांना अभिमान वाटायचा. तीच मुलगी तिशीत सायकलवर नोकरीला निघाली तर लोक चुकचुकतात. बारावीनंतर मधे काय बदललं? बाई मोठी झाली, कमावती झाली, आणि आता तिने कुणाच्या तरी मागे बसून जावं किंवा स्कूटीवर जावं, हे ठरून गेलं.

साडीवर कशी चालवता, हेही विचारतात. लेडीज सायकल, पूर्ण चेनकव्हर, मागच्या चाकाला जाळी आणि पदर कमरेला खोचलेला. ड्रेस असेल तर ओढणीला आधी गाठ. पाठलाग करणारे आणि मुद्दाम जवळून गाडी नेणारे भेटतात. त्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

पूर्वभाग

हिशेबनीस, मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. रागावू नका.

माझे वडील साखर पेठेत मागावर होते. बारा तास उभं राहून रात्री सायकल मारत घरी यायचे. आई विड्या वळायची. मला पहिला चांगला पगार आला तेव्हा मी वडिलांना मोटारसायकलवर मागे बसवून सिद्धेश्वरला नेलं. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरणार नाही. आमच्याकडे सायकल सुटणं म्हणजे काहीतरी मिळवणं होतं. तुम्ही सायकल निवडली, कारण तुम्हाला सोडायचा पर्याय आहे. मला कुणी सायकलवर बघितलं आणि "परवडत नाही" असं धरलं, तर ते माझ्या वडिलांबद्दल खरं होतं. त्यात लोकांची चूक कुठे आहे?

लोक गरीब समजतात म्हणून तुम्हाला वाईट वाटतं, हे वाचून मला जरा टोचलं. गरीब समजणं म्हणजे अपमान का?

हिशेबनीस

पूर्वभाग, रागाचं काहीच नाही. तुम्ही मुद्द्यालाच हात घातलात.

मला गरीब समजल्याचं वाईट वाटत नाही. गरीब समजल्यावर जे वागणं बदलतं, त्याचं वाटतं. मंगल कार्यालयाच्या गेटवर मी "मी अमुक आहे" असं सांगितलं असतं तर मला पुढून सोडलं असतं. मी सांगितलं नाही. तुमच्या वडिलांना ते सांगायची सोयच नव्हती. पाहुण्याने सायकल पुढे लावली तर चालेल आणि कामगाराने लावली तर चालणार नाही, अशी सवलत मला नको आहे. सायकलसाठी जागा असावी, मग ती कुणाचीही असो.

तुमच्या वडिलांनी सायकल सोडली याचा मला आनंदच आहे. बारा तास उभं राहिल्यावर पायडल मारायला लावणं हे वाईटच. मी कुणाला सायकल घ्या म्हणत नाही. जे आज सायकलवर आहेत, आवडीने किंवा गरजेने, त्यांच्यासाठी रस्ता आणि जागा हवी. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती आणि स्कूटर-मोटारसायकल २१ टक्के घरांत. त्यानंतर बरंच बदललं असेल, पण तेव्हाही रस्त्याचा विचार सायकल वगळूनच होत होता.

अस्थिरोग

मी हाडांचा डॉक्टर आहे. लोक धरून चालतात त्यातली एक गोष्ट माझ्या खोलीत रोज येते: "चाळिशीनंतर सायकलने गुडघे जातात." सायकलवर शरीराचं बरंचसं वजन सीटवर असतं, त्यामुळे गुडघ्याला धक्के बसत नाहीत. गुडघे दुखतात ते बहुतेक वेळा सीट खाली असल्यामुळे. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून सीट खाली ठेवतात, मग प्रत्येक फेरीत गुडघा जास्त दुमडून जोर लावावा लागतो. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट वर घ्या. थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय करावी लागते, आठवडाभरात होते.

ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून जास्त लोकांची माहिती त्यात होती. सायकलने कामावर जाणाऱ्यांत, गाडीने किंवा बस-रेल्वेने जाणाऱ्यांच्या तुलनेत, त्या काळात मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. अर्थात सायकल चालवणारे मुळातच जास्त धडधाकट असू शकतात, आणि तिथली हवा व रस्ते वेगळे. तरी "या वयात सायकल?" असं विचारणाऱ्यांनी उलटा विचार करून बघावा. ज्यांचं हृदयाचं औषध चालू आहे किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

टेम्पोवाला

मी गाडी चालवतो, माल घेऊन मार्केट यार्डापासून गावभर. तुम्ही विचारलं म्हणून लिहितो, आम्ही काय धरतो ते.

आम्ही धरतो की सायकलवाला मागे बघणार नाही आणि अचानक उजवीकडे येणार. बरेच जण तसंच करतात बगा. हात दाखवत नाहीत, उलट्या बाजूने येतात. रात्री मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टरवर चिखल. समोरून लख्ख लाइट आला की पुढची सायकल दिसतच नाही, अगदी जवळ गेल्यावर कळते आणि पोटात गोळा येतो. माझ्या डाव्या बाजूला केबिनच्या खाली आणि मागे मला काही दिसत नाही. सिग्नलला सायकलवाले नेमके तिथेच येऊन थांबतात. त्यांना वाटतं मी बघितलंय.

उसाच्या दिवसांत तर लैच बेकार. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. आम्हालाच भीती वाटते, सायकलवाल्याचं काय होत असेल. हिशेबनीस, तुम्ही हातभर आत चालवता ते बरोबर आहे. सरळ रेषेत चालवणारा सायकलवाला आम्हाला सोपा जातो. गाड्यांच्या मधून आत-बाहेर करणारा अवघड.

हिशेबनीस

टेम्पोवाले दादा, या धाग्यातलं मला सगळ्यात उपयोगी पडलेलं हेच. डाव्या बाजूचं आमच्या कामगारांनाही सांगणार आहे.

एक गोष्ट जोडतो. आपल्याकडे लोक असंही धरतात की सायकलवाल्याचा विमा नाही, लायसन्स नाही, म्हणून अपघात झाला तर त्याला काही मिळत नाही. तसं नाही. धडक देणाऱ्या गाडीला तृतीय पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, आणि सायकलस्वार त्यात तृतीय पक्षच असतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे त्याला दावा करता येतो. त्यासाठी पोलिसांत नोंद हवी, गाडीचा नंबर हवा. "जाऊ दे, सायकलच आहे" म्हणून शंभर-दोनशे रुपये हातावर ठेवतात आणि पंचनामाच होत नाही. दुखणं नंतर बाहेर येतं.

"तुम्ही रोड टॅक्स भरत नाही" असंही ऐकवतात. शहरातले रस्ते महापालिकेच्या आणि सरकारच्या पैशातून होतात, त्यात घरपट्टीही आहे. भाड्याच्या खोलीत राहणाराही ती भाड्यातून भरतो.

सराटा

उन्हाळ्यात रोज हवा जाते म्हणून पंक्चर काढायला नेतात, त्यांच्यासाठी: साध्या सायकलच्या व्हॉल्व्हवर छोटी रबरी नळी असते, वॉलट्यूब. आपल्या उन्हात ती वाळून चिरते आणि हवा हळूहळू उतरते. दोन-चार रुपयांची वस्तू, डब्यात जास्तीची ठेवा. खरं पंक्चर आपल्याकडे सराट्याचं आणि वेड्या बाभळीच्या काट्याचं. काटा निघाला तरी टायरच्या आत बोट फिरवून टोक राहिलंय का बघा, नाहीतर नवीन ठिगळाशेजारीच पुन्हा भोक. बायपासच्या कडेने फार सराटे असतात.

लाल दिवा चार्जिंगचा घ्या, सीटखाली लावा, कॅरिअरवर पिशवी असेल तर झाकला जातो.

चाफा

सराटा, वॉलट्यूबचं कळलं ते बरं झालं. मी दोनदा ट्यूब बदलली होती.

पूर्वभाग, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. माझ्या वर्गातल्या मुलांचे वडील असेच सायकलवर येतात आणि शाळेच्या गेटपासून लांब सायकल लावून चालत आत येतात. मी माझी सायकल गेटच्या आत, मुख्याध्यापकांच्या गाडीशेजारी लावते. एका मुलाच्या वडिलांनी परवा विचारलं, "मॅडम, इथं लावली तर चालते का?" मी म्हटलं चालते. आता तेही आत लावतात.

पूर्वभाग

हिशेबनीस, तुमचं उत्तर पटलं. एक सांगा, तुमच्या कारखान्यात सायकली कुठे लावतात? आमच्या वडिलांच्या वेळी उघड्यावर असायच्या. उन्हात सीट तापायची, टायर सुकायचे.

हिशेबनीस

अजूनही उघड्यावरच, कंपाउंडच्या भिंतीला. मोटारसायकलींना पत्र्याचं शेड आहे, त्यात माझी सायकल चालते, कामगारांची चालत नाही. मालकांशी बोललो. शेड आठ-दहा फूट वाढवायला किती पत्रे आणि पाइप लागतील त्याचा अंदाज काढून द्या म्हणाले. या आठवड्यात देतो. अर्जावर जॉबर आणि शिलाईतल्या बायकांच्याही सह्या घेणार आहे.

पूर्वभाग

शेडबरोबर गेटबाहेर दिवाही मागा. रात्रपाळी सुटते तेव्हा तिथून मेन रोडला येईपर्यंत अंधार असतो, आणि ट्रक तिथेच वळतात. अंदाजपत्रकाला मदत लागली तर सांगा, माझा मेव्हणा फॅब्रिकेशनचं काम करतो. रविवारी माप घ्यायला पाठवतो.

हिशेबनीस

पाठवा. रविवारी गेट बंद असतं, पण वॉचमनला सांगून ठेवतो. सकाळी नऊपर्यंत आले तर बरं, नंतर भिंतीकडे ऊन येतं.